अकरावी-बारावीची वर्षं कुणाच्या खात्यात?



जून उजाडला की केळापूर तालुक्यात घरोघरी दोन हिशेब एकाच वेळी मांडले जातात. एक वावराचा. कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या किती, खत किती, डवरणीला बैलजोडी कुणाची, उधारी कुठून. दुसरा हिशेब मुलांच्या शिक्षणाचा. हा दुसरा हिशेब नेहमी शेवटी मांडला जातो, आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी त्यालाच कात्री लागते. त्यातही मुलाच्या नावापुढचा आकडा शक्यतो तसाच राहतो. कात्री चालते ती मुलीच्या नावावर. यात नवीन काही नाही, आपण सगळ्याच हे जाणतो.

नवीन आहे ती एक चर्चा. ‘श्रेयांक’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत आला आहे. बोलताना सगळे क्रेडिटच म्हणतात. मुली कॉलेजातून घरी येऊन सांगतात की आता वर्ष नाही, क्रेडिट मोजतात. परदेशात म्हणे शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवता येतात, त्यानं पदवीचा एखाददुसरा सत्राचा, कधी अख्ख्या वर्षाचा खर्च वाचतो. मग आपल्याकडे का नाही? आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न एका बारावीतल्या मुलीनं विचारला आणि आम्ही सगळ्या मोठ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. या अंकासाठी मी ठरवलं की हाच विषय घ्यायचा. विषय कोरडा वाटेल, पण त्यात आपल्या मुलींच्या आयुष्याची दोन-तीन वर्षं अडकलेली आहेत.

आधी परदेशातली गोष्ट, कारण तिच्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. अमेरिकेत मिनेसोटा या राज्यानं १९८५ साली एक कायदा केला. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्या मुलामुलींना कॉलेजच्या वर्गात बसता येईल, शिकवणीची फी आणि पुस्तकांचा खर्च सरकार भरेल, आणि ते गुण शाळेतही धरले जातील आणि कॉलेजातही, असा तो कायदा. पुढे इतर अनेक राज्यांनी तशाच योजना आणल्या. याखेरीज तिथे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून मे महिन्यात त्याची परीक्षा देण्याची जुनी पद्धत आहे. एका विषयाची परीक्षा फी साधारण शंभर डॉलर. चांगले गुण पडले आणि कॉलेजनं ते मान्य केले, तर तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांत दहावी-अकरावीच्या वयाच्या मुलामुलींच्या तोंडी याच परीक्षांची नावं असतात. तिथे कॉलेजची फी इतकी अवाढव्य आहे की एक विषय वाचला तरी घरातल्यांना हायसं वाटतं. पण तिथल्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की या सोयीचा लाभ आधीच बऱ्या स्थितीत असलेल्या घरांतल्या मुलांना जास्त मिळाला. काळ्या आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांत असे वर्गच कमी चालवले जातात. सवलत कागदावर सर्वांसाठी असते. ती घ्यायला जो आधीच दाराशी उभा असतो, त्याच्या हाती ती पहिली पडते. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर दोन गोष्टी झाल्या. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. विद्यार्थिनीचं एक खातं असतं, तिनं पुरे केलेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट त्यात जमा होतात आणि कॉलेज बदललं, मध्ये खंड पडला तरी ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. मग २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यानं शाळेपासून पीएचडीपर्यंत सगळ्या शिक्षणाला एकच मोजपट्टी लावली. वर्षाचे १२०० तास अभ्यासाचे, त्याचे ४० क्रेडिट. म्हणजे तीस तासांचा एक. यात वर्गातले तासही आले आणि घरी केलेला अभ्यास, प्रात्यक्षिक, प्रकल्पही आला. नववी ते बारावीलाही हेच माप लागू आहे. केंद्रीय मंडळानं २०२४-२५ पासून काही शाळांत याचा प्रयोग करायचं ठरवलं.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग झालंच की! बारावीपर्यंत जमवलेले क्रेडिट पदवीला वापरायचे. पण तिथेच मेख आहे. आराखड्यात पायऱ्या आहेत. दहावीची पायरी तिसरी, बारावीची चौथी, पदवीचं पहिलं वर्ष साडेचार, दुसरं पाच, तिसरं साडेपाच. बारावीच्या पायरीवर कमावलेले क्रेडिट त्या पायरीचेच. पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि ते बारावीनंतरच्या पायऱ्यांवरचे लागतात. बँक एकच, पण आतल्या पेट्या वेगवेगळ्या, आणि एका पेटीतलं दुसरीत टाकायची किल्ली आपल्या मुलींना अजून कुणी दिलेली नाही. त्यामुळे ‘शाळेत क्रेडिट मिळवा आणि पदवी स्वस्तात घ्या’ असं कुणी क्लासवाला पत्रक वाटत सांगू लागला, तर त्याच्याकडे पैसे भरण्याआधी दहादा विचार करा.

खरी चीड येते ती वेगळ्या कारणानं. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आपण ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणतो. इतर पुष्कळ राज्यांत हे वर्ग शाळेचे वर्ग असतात. आपल्याकडे ते अनेक ठिकाणी कॉलेजच्याच इमारतीत भरतात. तेच फाटक, तेच ग्रंथालय, तीच प्रयोगशाळा, तोच शिपाई. तालुक्याच्या गावात तर बहुतेक असंच चित्र असतं. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, त्याआधी अकरावीला मॅट्रिक होती आणि त्यानंतरचं पूर्वपदवीचं वर्ष विद्यापीठाकडेच होतं. म्हणजे आज बारावीत बसणाऱ्या मुलीच्या वयाची मुलगी तेव्हा विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. आज ती त्याच इमारतीत, कधी शेजारच्याच वर्गात बसते, पण ती बोर्डाची आणि शेजारची विद्यापीठाची. मिनेसोटाच्या मुलीला कॉलेजात जायला गाडी लागते. आमच्या मुलीला फक्त व्हरांडा ओलांडायचा आहे, आणि तो ओलांडायची परवानगी नाही.

हा व्हरांडा का महत्त्वाचा, ते पैशाच्या हिशेबानं सांगते.

अनुदानित शाळांत बारावीपर्यंत मुलींना फी नाही. १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रात ही सोय आहे. खेड्यातून येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. बारावीचा निकाल लागला की या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी संपतात. मुलगी तीच, गाव तेच, एसटी तीच, बऱ्याचदा कॉलेजचं फाटकही तेच. पण आता पासाचे पैसे भरायचे. विद्यार्थी म्हणून सवलत आहे, दोन तृतीयांश भाडं माफ आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे खरं. तरी दरमहा रोख रक्कम काढावी लागते. आणि रोख काढायची वेळ आली की घरात चर्चा सुरू होते. फुकट होतं तोवर चर्चा नव्हती. चर्चा सुरू होणं हाच मुलीसाठी धोका असतो.

मग परीक्षेचा खर्च. सत्र पद्धत आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षा, दोनदा फॉर्म, दोनदा फी. एखादा विषय राहिला तर त्याचा वेगळा फॉर्म. आपल्या अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळी परीक्षा येते कधी? सीतादही झाली, पऱ्हाटी फुटली, वावरं पांढरी झाली, आणि वेचणीला हात पुरत नाहीत, नेमकी तेव्हा. वेचणीला किलोमागे आठ-दहा रुपये मिळतात. सराईत बाई दिवसभरात बऱ्यापैकी वेचते. आईबरोबर मुलगी गेली तर तेवढीच भर. त्यामुळे परीक्षेच्या दिवशीचा खर्च फीपुरता नसतो, बुडालेली रोजीही त्यात धरावी लागते. जिथे घरचा कर्ता पुरुष कर्जापायी गेला आहे, आणि आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत हे मी तुम्हांला सांगायला नको, तिथे तर मुलीची रोजी हीच घरातली दुसरी मिळकत असते.

सरकारनं ८ जुलै २०२४ ला एक मोठा निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. निर्णय चांगला आहे, त्याचं स्वागतच. पण नीट वाचा. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलींसाठी. पांढरकवड्याला बीए, बीकॉमला जाणारी मुलगी त्या दारातून आत येत नाही. आणि इंजिनिअरिंगला, फार्मसीला गेलेल्या मुलीलाही फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि पुस्तकं माफ होत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, आदिवासी वसतिगृहं आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून ‘स्वयं’ योजना आहे. या सगळ्यांचा पैसा येतो, पण येतो तेव्हा येतो. सत्र संपल्यावर आलेल्या पैशानं सत्राच्या सुरुवातीची खोली मिळत नाही. पोडावरची कोलाम मुलगी बारावीपर्यंत आश्रमशाळेच्या छताखाली असते, जेवण-राहणं तिथेच. बारावीनंतर ते छत एकदम निघतं.

म्हणून माझं म्हणणं असं की बारावीपर्यंतचा हा जो फुकट पट्टा आहे, त्यातच पदवीचे काही क्रेडिट मिळवता आले, तर ती खरीखुरी बचत ठरेल. पदवीच्या पहिल्या वर्षात मराठी, इंग्रजी, पर्यावरण, संगणकाची ओळख असे विषय असतातच. बारावीतली हुशार मुलगी ते सहज करू शकते. त्याच कॉलेजच्या प्राध्यापिकेनं आठवड्यातून दोन तास शिकवावं, विद्यापीठानं परीक्षा घ्यावी, गुण राखून ठेवावेत आणि मुलगी पदवीला आली की ते तिच्या खात्यात टाकावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा माणूस जवळजवळ लागत नाही. लागते ती बोर्ड आणि विद्यापीठ या दोन कचेऱ्यांनी एका टेबलाशी बसायची तयारी.

तोवर आज हाताशी काय आहे? एक रस्ता जुना आहे आणि त्याला कुणी क्रेडिट म्हणत नाही, म्हणून तो आपल्या नजरेत भरत नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पदवीचं एक महागडं वर्ष यात वाचतं, आणि मध्येच थांबावं लागलं तरी हातात नोकरीपुरती पदविका असते. एकूण वर्षं मात्र तेवढीच लागतात, हेही सांगून ठेवते. आयटीआय केलेल्या किंवा बारावी विज्ञान झालेल्या मुलीला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात घेतात. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. तरी आपल्या बैठकांत दहावी झालेल्या मुलीला आपण काय सुचवतो? डीएड, नर्सिंग, शिवणकाम. मशीनवर मुलगी उभी राहील हे आपल्याच मनात चटकन येत नाही.

दुसरा रस्ता ‘स्वयम्’चा. (आदिवासी विभागाची ‘स्वयं’ योजना वेगळी, हा केंद्र सरकारचा घरबसल्या शिकण्याचा मंच, २०१७ पासूनचा. नावं ठेवणाऱ्यांना दुसरं नाव सुचत नाही, हा आणखी एक ताप.) अभ्यासक्रम फुकट, परीक्षेला थोडी फी. विद्यापीठानं मान्य केलं तर एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट यातून घेता येतात, असा आयोगाचा २०२१ चा नियम आहे. हा नियम कॉलेजात दाखल झालेल्यांसाठी आहे. बारावीत असताना केलेला अभ्यासक्रम पुढे धरतील का, हे ज्या त्या कॉलेजला आधी विचारावं लागतं, आणि उत्तर लेखी घ्यावं लागतं. शिवाय त्याला मोबाइल लागतो. घरात मोबाइल एक, तो भावाच्या खिशात. रिचार्ज कुणाचा संपला, कुणी वापरला, रात्री अकराला मुलगी मोबाइलवर काय पाहते, हे सगळे प्रश्न तिच्या अभ्यासाच्या आधी येतात. मुलीच्या हातातल्या मोबाइलकडे संशयानं बघणाऱ्या गावात ‘घरबसल्या शिका’ हे बोलायला सोपं आहे. याला उत्तर आपल्याकडे आहे. गटाच्या खोलीत किंवा शाळा सुटल्यावर शाळेतच, आठवड्यातून तीन दिवस, चार-पाच मुली मिळून एका मोबाइलवर. एकत्र बसल्या की संशयही कमी आणि अभ्यासही जास्त.

तिसरा रस्ता नापास झालेल्यांचा, आणि माझ्या मते आपल्या कामाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. दहावीत गणित-इंग्रजीत गेलेली मुलगी आपल्याकडे सरळ लग्नाच्या यादीत जाते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात तिचे उत्तीर्ण झालेले विषय, जास्तीत जास्त दोन, उचलून पुढे धरतात. उरलेल्या विषयांसाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं, आणि शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी बायका त्याच्या पुस्तकांतून, चूल सांभाळून पदवीधर झाल्या. त्यातल्या काही आज आपल्या गटांच्या सचिव आहेत. शिकलेलं वाया जाऊ न देणं हाच क्रेडिटचा अर्थ असेल, तर तो अर्थ या विद्यापीठांनी ही भाषा येण्याच्या आधीपासून जपला आहे.

इथपर्यंत सगळं पैशाचं झालं. आता एक अवघड गोष्ट लिहिते, जिच्यावर आमच्या गटातही एकमत नाही.

पदवीची वर्षं कमी व्हावीत, हे खरंच आपल्या मुलींच्या हिताचं आहे का? आपल्या गावात ‘शिकते आहे’ हे मुलीचं सर्वांत सभ्य कारण असतं. स्थळ आलं की आई म्हणते, तिचं शिक्षण व्हायचंय. पाहुणेही मान डोलावतात. कायद्यानं अठराला लग्न करता येतं. वय एकवीस करण्याचं विधेयक २०२१ मध्ये मांडलं गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. त्यामुळे अठरा ते एकवीस या तीन वर्षांत मुलीला जी काही ढाल आहे, ती बहुतेक वेळा कॉलेजचं ओळखपत्र हीच आहे. ही ढाल आपण सहा महिन्यांनी, वर्षानं आखूड करून दिली, तर ते वर्ष तिला मिळेल की तिच्या सासरला?

गटातल्या काहीजणी म्हणतात, मग राहू द्या तीन वर्षं, खर्च आपण कुठूनतरी भागवू. मला तसं वाटत नाही. ढाल म्हणून पदवी लांबवत ठेवणं म्हणजे मुलीला वर्गात लपवून ठेवणं. आणि खर्च भागत नाही म्हणूनच कितीतरी मुली मधून काढल्या जातात, तेव्हा ती ढाल त्यांच्या हातात नसतेच. वाचलेलं वर्ष कुणाचं, हे मात्र आधीच बोलून ठेवायला हवं. वाचलेल्या पैशात एमए, बीएड, नर्सिंग, स्पर्धा परीक्षेची तयारी, जे काही असेल ते. पालकसभेत हे मोठ्यानं बोलायचं. बापाला हिशेब दाखवताना वाचलेल्या सत्राच्या पुढे काय लिहायचं ती ओळ कोरी सोडायची नाही. कोरी ओळ दुसरे भरतात.

याच कारणानं मला चार वर्षांच्या नव्या पदवीतली ‘बाहेर पडण्याची मुभा’ जास्त धोक्याची वाटते. एक वर्ष केलं, ४० क्रेडिट झाले, वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं की प्रमाणपत्र. दोन वर्षं केली की पदविका. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष ऑनर्सचं. कागदावर ही लवचीकता छान दिसते, आणि मुलाच्या बाबतीत ती असेलही, कारण तो बाहेर पडून काम करतो आणि परत येतो. मुलगी बाहेर पडते ती मांडवात. ‘झालं की एक प्रमाणपत्र, पुरे’ असं म्हणायला घराला आता सरकारी कागद मिळाला आहे. आत येण्याची मुभाही आहे, सात वर्षं क्रेडिट टिकतात, हे मी वर लिहिलं. पण सासरचं गाव, कडेवरचं मूल आणि जवळच्या कॉलेजचं अंतर यांचा विचार त्या सात वर्षांत कुणी केला आहे? विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून शिकणाऱ्या मुलींसाठी प्रसूती रजेचे नियम करायला सांगितलं. तुमच्या जवळच्या कॉलेजच्या फलकावर तो नियम कधी दिसला का, बघा.

२०२४ च्या नोव्हेंबरात आयोगानं पदवी लवकर पुरी करण्याची किंवा लांबवण्याची कार्यपद्धतीही मान्य केली. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पुरी करता येईल, पण मंजूर जागांच्या दहा टक्के विद्यार्थ्यांनाच. लांबवायची तर दोन सत्रं जास्त घेता येतील. वर्तमानपत्रांत बातमी झाली ती लवकर पुरी करणाऱ्यांची. माझ्या मते आपल्या मुलींना दुसरी सोय जास्त उपयोगी आहे. वेचणीच्या सत्रात कमी विषय, उन्हाळ्याच्या सत्रात जास्त. बाळंतपणाच्या सत्रात दोनच. नापास म्हणून शिक्का न बसता हे करता यायला हवं.

आणखी एक बारीक वाटणारी, पण मुलींचं नुकसान करणारी बाब. क्रेडिटचं खातं नावावर असतं आणि आधारशी जोडलेलं असतं. लग्न झालं की आपल्याकडे नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं, आणि मग ही मुलगी तीच का, हे सिद्ध करण्यासाठी तिनंच प्रतिज्ञापत्र घेऊन फिरायचं. लग्नानंतर नाव बदलणं कायद्यानं बंधनकारक नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. तेव्हा तो स्वाभिमानाचा मुद्दा होता. आता तो क्रेडिटचाही आहे. सासरच्यांना स्वाभिमान पटत नसेल तर निदान हे सांगा की नाव बदललं तर कॉलेजचं खातं अडकेल.

शेवटी कामाबद्दल. नव्या आराखड्यात अनुभवालाही क्रेडिट देण्याची गोष्ट आहे. कारखान्यात, कंपनीत केलेलं काम त्यात सहज बसेल, ते मोजायला हजेरीपट असतो. पण अकरावीतली मुलगी आईच्या बचत गटाचं खातेपुस्तक लिहिते, बँकेत जाऊन व्याजाचा मेळ लावते, आशाताईबरोबर घरोघर जाऊन गरोदर बायांची यादी करते, ग्रामसभेचा ठराव वाचून दाखवते. तीस तासांचा एक क्रेडिट म्हटला, तर गटाचं पुस्तक वर्षभर लिहिणाऱ्या मुलीचे एक-दोन क्रेडिट सहज होतील. याची नोंद ठेवायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती नाही. बायकांचं काम मोजलं जात नाही याची सुरुवात अशीच होते. आमच्या गटानं यंदापासून मुलींना एक साधी वही करायला सांगितली आहे. तारीख, काम, तास, आणि खाली गटाच्या अध्यक्षेची सही. कोणतं कॉलेज ती वही उद्या मान्य करेल हे मी सांगू शकत नाही, पण वहीच नसेल तर मागायचं तरी कशाच्या बळावर?

पुढच्या अंकापर्यंत एक काम सगळ्या गटांनी करावं, अशी विनंती आहे. आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात दोघी-तिघींनी मिळून जा. प्राचार्यांना चार प्रश्न विचारा. बारावीत केलेला स्वयम्‌चा अभ्यासक्रम पदवीला धराल का? सत्रात कमी विषय घेऊन पदवी लांबवण्याची सोय तुमच्याकडे सुरू झाली का? प्रसूती रजेचा नियम काय? लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचं क्रेडिटचं खातं चालू ठेवायला कोणता कागद लागतो? उत्तर तोंडी देतील, लेखी मागा. नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तो कसा लिहायचा हे आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना येतंच. मिळालेली उत्तरं, नकार आणि टाळाटाळ, सगळं आम्हांला पोस्टानं पाठवा. तालुकावार छापू. केळापूरचं उत्तर आणायला मी आणि आमच्यातल्या दोघी येत्या सोमवारी जातो आहोत.